उतारावरचा बास्केटबॉल

राष्ट्राची उभारणी संसदेत होत नाही, कारखान्यांत होत नाही. ती क्रीडांगणावर होते. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या कॉलेजच्या आवारात दीड-दोनशे माणसं उभी होती आणि प्राचार्य एक हात वर करून माइकमध्ये ते म्हणत होते. लोक गंभीर झाले. मीही झालो. वाक्य माझंच होतं, आदल्या दिवशी मी त्यांना लिहून दिलं होतं. पण एवढ्या मोठ्या आवाजात ते खरं वाटायला लागलं. त्या दिवशी कॉलेजच्या मालकीचे दोन डंबेल्स, रस्सीखेचीचा एक दोर आणि ब्लॅडर नसलेला एक फुटबॉल होता. क्रीडांगण नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. जालन्याहून परतूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरला जे गाव लागलं की लोक झोपेतून उठून विचारायचे, ‘हे कोणतं?’, ते आमचं. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता. लग्नाचं कापड घ्यायला जुन्या जालन्यात आणि शिकायला औरंगाबादला, असा इकडच्या लोकांचा नकाशा होता. त्यात आमचं कॉलेज निघालं आणि नकाशात थोडी गडबड झाली.

मी मराठी शिकवायचो. वेळापत्रकात मला रोज दोन तास मोकळे होते. प्राचार्यांना मोकळी जागा दिसली की ते तिथे समिती बसवत. त्यामुळे मी क्रीडा समितीचा अध्यक्ष झालो. आयुष्यात मी कॅरमशिवाय काही खेळलो नव्हतो, तोही हरण्यासाठी. समितीचा दुसरा सदस्य म्हणजे नवे क्रीडा शिक्षक. तिसरा सदस्य नव्हता.

क्रीडा शिक्षक जून महिन्यात आले. उंच, काळेसावळे, हाडापेराने मजबूत. पांढरे कॅनव्हासचे बूट ते खडू ओला करून रोज रंगवत. गळ्यात शिट्टी. गावाने दोन दिवसांत त्यांचं ‘शिट्टीवाले सर’ असं नामकरण करून टाकलं. बरोबर त्यांनी एक ट्रंक, एक वळकटी आणि एक बास्केटबॉल आणला होता. बास्केटबॉल ही वस्तू गावात त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती. मारवाडी गल्लीतल्या एका दुकानदाराने त्यांना विचारलं, “सर, हा एवढा मोठा लिंबू कशाला?”

नेमणूक तात्पुरती होती. म्हणजे जूनमध्ये आदेश, एप्रिलमध्ये निरोप, पुन्हा जूनमध्ये नवा आदेश. दर वर्षी सर नव्याने रुजू होत आणि दर वर्षी प्राचार्य त्यांचं नव्याने स्वागत करत. पद कायम व्हायचं तर विद्यापीठाची मान्यता हवी. मान्यतेसाठी विद्यापीठाची अट साधी होती: ज्या खेळाचा शिक्षक, त्या खेळाचं पक्कं मैदान. मैदान नाही तर पद नाही.

मैदान म्हणून आमच्याकडे होती काळी माती. ज्यांनी ती बघितलेली नाही त्यांना सांगतो, ती कापसासाठी उत्तम आहे. बास्केटबॉलसाठी नाही. पावसाळ्यात चेंडू तिच्यात रुतून बसतो, उन्हाळ्यात भेगेत अडकतो, आणि मधल्या दिवसांत तो जमिनीवर आपटला तर ‘थप्’ असा आवाज करून तिथेच राहतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू हाताने जमिनीवर आपटत पुढे न्यायचा असतो, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. आमच्या पोरांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि जमिनीने त्यांना तसं कधी शिकवलं नाही.

सरांनी त्यावर उपाय काढला. चेंडू जमिनीवर आपटायचाच नाही. फक्त फेकायचा. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, शेवटच्याने रिंगमध्ये. रिंग लोहाराकडून करून घेतली होती, फळ्या कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या होत्या, आणि दहा फूट उंची सरांनी स्वतः तीन वेळा मोजली होती. पोरं शेतातली. ढेकूळ नेमकं मारण्यात त्यांचा हात लहानपणापासून बसलेला. दोन वर्षांत ती एकमेकांकडे न बघता चेंडू फेकायला आणि झेलायला लागली. सर कडेला उभे राहून ओरडायचे, “जल्दी! जल्दी! हातात अंडं है का, जपून ठेवून राह्यला?”

मग औरंगाबादला आंतरमहाविद्यालयीन सामने झाले आणि आम्ही गेलो. तिथे सिमेंटचं मैदान होतं. सरावासाठी आमच्या कॅप्टनने चेंडू खाली टाकला. चेंडू उसळून त्याच्या हनुवटीला लागला. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, “सर, हे तर वर येऊन राह्यलं!”

बाकीच्यांनी आळीपाळीने टाकून पाहिला. हसू लागले. सर हसले नाहीत. आम्ही मोठ्या फरकाने हरलो. पण उत्तरार्धात दहाएक मिनिटं अशी गेली की समोरच्या संघाला आमच्या हातातून चेंडू काढता आला नाही. तो जमिनीवर येतच नव्हता. त्यांचा प्रशिक्षक आमच्या सरांना येऊन म्हणाला, “हे कोणतं तंत्र?”

“काळी माती,” सर म्हणाले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये पोरं एकमेकांच्या अंगावर झोपली. सर खिडकीशी बसले होते, मी समोर. काही तरी बोलावं म्हणून मी विचारलं की, तुम्ही या धंद्यात कसे आलात? त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते भाषण होईल.

“मी केदारखेड्याचा. आमच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी दहा-अकरा वर्षांचा असंन. धर्म बदलला, पण शाळा तीच. शाळेत कबड्डी चालायची. मास्तरनं मलाबी उतरवलं. मी चढाईला गेलो का समोरचे सातबी मागं. मला कोणी धरतच न्हाई. धरायचं म्हंजे शिवायचं ना सर. मी एक पाऊल पुढं, ते एक पाऊल मागं. मी अजून पुढं, ते रेषेच्या भाईर. रेषेभाईर गेलं का बाद. मी कोणाला हातबी न लावता सगळे बाद करून यायचो. रोज.”

“मग?”

“मंग काय. मास्तरनं सर्टिफिकेट लिहून दिलं, ‘चढाईत अजिंक्य’. त्याच्यावर मला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश भेटला. पहिल्या दिवशी तिथं कबड्डी. मी माझ्या हिशोबानं सरळ आत गेलो. चौघांनी धरलं, सर. पाडलं, वर बसले. तोंडात सगळी माती. तवा मला कळलं का मला कबड्डी येत न्हाई.”

ते म्हणाले, “पण खोटं न्हाई सांगत सर, लई बरं वाटलं. तसाच पडून राह्यलो मी. ते म्हणले, उठ ना बे, झालं. मी म्हणलं, थांबा जरा.”

तिथे बास्केटबॉलच्या संघाला एक उंच पोरगा कमी पडत होता, म्हणून ते बास्केटबॉलमध्ये गेले. चुकून मिळालेल्या प्रमाणपत्रावर त्यांचा व्यवसाय सुरू झाला आणि उरलेल्या जागेवर पुढे गेला. पुष्कळांचं असंच होतं. फक्त बहुतेकांना ते प्रमाणपत्र चुकून मिळालं होतं हे कळत नाही.

मी जमीनवाल्या घरातला. आमच्याही शाळेत कबड्डी होती, आणि आमच्याही शाळेत असा एक मुलगा होता. तो चढाईला आला की मी कुठल्या रेषेपर्यंत मागे जायचो ते मला त्या डब्यात लख्ख आठवलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

बहात्तर साली पाऊस पडला नाही. कॉलेजात हजेरी निम्म्यावर आली आणि पोरं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मोठ्या सडकेपासून कॉलेजपर्यंत जोडरस्ता मंजूर झाला होता. आमचा अख्खा बास्केटबॉलचा संघ त्या कामावर होता. सर संध्याकाळी तिथेच जायचे आणि काम सुटलं की पोरांकडून खडीच्या ढिगावर उड्या मारून घ्यायचे. बायका कामावर मिळालेल्या सुकडीच्या पिशव्या घेऊन घरी जाताना थांबून बघायच्या आणि म्हणायच्या, “दिवसभर फोडून जीव भरला न्हाई वाटतं तुमचा!”

कामावर एक ओव्हरसिअर होते. मूळचे हैदराबादकडचे, पन्नाशीचे, पान खाणारे, नियमाला पक्के. रस्ता कॉलेजच्या फाटकाशी आला तेव्हा मोजमापात असं निघालं की, मंजूर लांबीतला थोडा रस्ता अजून शिल्लक आहे. शिल्लक म्हणजे करणं भाग. पण पुढे कॉलेजची भिंत होती.

ओव्हरसिअर साहेब ऑफिसात येऊन खुर्चीत बसले. “सर, मेरे पास पंच्याऐंशी फूट रोड बच गया है. कहाँ डालू?”

पंच्याऐंशी फूट म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाची लांबी. योगायोगावर माझा फारसा विश्वास नाही, आणि तो अविश्वास बरोबर निघाला. गेल्या आठवड्यात टेपचं दुसरं टोक कोण धरत होतं ते मला नंतर कळलं. सडकेच्या बाजूचं एक वळण संघाने चांगल्या मनाने सरळ करून तेवढी लांबी वाचवली होती.

“साहेब, आवारात टाका,” सर म्हणाले. “भिंतीच्या अल्याड. फक्त रुंदी शेहेचाळीस फूट पाहिजे.”

“शेहेचाळीस? अरे, मुंबईत बी इतना चौडा रोड न्हाई!”

“साहेब, मला मैदान करायचंय.”

“मेरे पास मैदान न्हाई. तलाव है, बंधारा है, रोड है. मैदान लिहिलं तर ऊपर से कागद वापस येणार.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मराठीच्या प्राध्यापकाकडे माणसं अशीच वेळ आली की बघतात. मी अर्ज लिहिला: ‘महाविद्यालयात येणाऱ्या मालवाहू वाहनांना वळण्यासाठी रस्त्याचे रुंदीकरण आवश्यक आहे.’ महाविद्यालयात मालवाहू वाहन कधी आलं नव्हतं. प्राचार्यांची सायकल होती, आणि ती फाटकाबाहेरच वळायची.

रस्ता झाला. खडी, वर मुरूम, वर रूळ फिरला. आमच्याच पोरांनी तो फोडला, पसरला, दाबला. पण ओव्हरसिअर साहेबांनी एक गोष्ट सोडली नाही. रस्ता म्हटला की मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतार पाहिजे, म्हणजे पाणी वाहून जातं. सरांनी खूप विनवलं. साहेब म्हणाले, “उतार न्हाई तर रोड न्हाई. रोड न्हाई तर सही न्हाई. मेरे को बी ऊपर जवाब देना है.” शेवटी उतार केला. रस्ता म्हटला की अंतराचा दगडही पाहिजे, म्हणून कडेला एक दगड रोवला. त्यावर शून्य होतं. ते कुठून मोजलेलं शून्य होतं हे कोणाला माहीत नव्हतं.

सरांनी चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या, दोन बाजूंना खांब पुरले. चेंडू आता उसळत होता. फक्त सरळ नाही. मध्यभागी टाकला तर हळूहळू कडेला जायचा. पोरं आठवड्यात शिकली. ती एका बाजूला किंचित वाकून खेळू लागली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सगळ्या संघाची मान अवघडलीय.

पुढच्या वर्षी विद्यापीठाची समिती आली. त्या आधी दहा दिवस सरांना एसटीत कंडक्टर म्हणून नेमणुकीचा कागद आला. सोमवारी औरंगाबादला हजर व्हायचं होतं; समिती शनिवारी होती. सर तेव्हा तिशीला टेकले होते आणि सलग चार वर्षं दर जूनमध्ये पहिल्यांदा रुजू झाले होते. या वेळी पद मंजूर झालं नाही तर ते कॉलेजच्या यादीतून काढून टाकणार, असं प्राचार्यांनी मला खाजगीत सांगितलं होतं. सरांनी एसटीचा कागद घडी करून शर्टाच्या खिशात, शिट्टीच्या मागे ठेवला. मला म्हणाले, “शनवारी समिती रेषेच्या आत घेते का भाईर, बघू.”

समितीत तिघे होते. अध्यक्ष संस्कृतचे वयोवृद्ध प्राध्यापक, धोतर-कोट. दुसरे एका मोठ्या कॉलेजचे क्रीडा विभागप्रमुख, जाड मिशांचे. तिसरा कारकून, ज्याच्याकडे छापील तक्ता होता. प्राचार्यांनी स्वागत केलं. राष्ट्र, क्रीडांगण, उभारणी. मग चेंडूला झेंडूचा हार घालून तो मैदानाच्या मध्यभागी ठेवला. अध्यक्षांनी त्याला पायाने नव्हे, हाताने हलकेच स्पर्श करून मैदानाचं उद्घाटन करायचं असं ठरलं होतं.

अध्यक्ष वाकले. चेंडू त्यांच्या हाताची वाट न बघता निघाला. हारासकट, संथपणे, कोणाकडेही न बघता तो उताराने गेला आणि शून्याच्या दगडाला टेकून थांबला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना.

“याला उतार आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

प्राचार्य म्हणाले, “छे छे, वारा...”

“आहे सर,” शिट्टीवाले सर म्हणाले. “रस्ता आहे हा.”

प्राचार्यांचा चेहरा मी आजही आठवू शकतो, पण वर्णन करणार नाही; ते आता नाहीत.

सरांनी सगळं सांगितलं. दुष्काळ, खडी, पंच्याऐंशी फूट, ओव्हरसिअर साहेबांची सही. काही लपवलं नाही, वळण सरळ केलेलंही सांगितलं. अध्यक्ष शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “रस्त्याला प्रशिक्षक देता येतो, असा नियम माझ्या वाचनात नाही.”

“न्हाई सर,” सर म्हणाले. “पण पोरं आलीत. पाच मिन्टं बघून जा.”

पोरं खेळली. दोन संघ करून, वाकलेल्या माना घेऊन, चेंडू जमिनीला फारसा न लावता. पाच मिनिटांची वीस झाली. मिशांचे विभागप्रमुख आधी हाताची घडी घालून उभे होते, मग उकिडवे बसले, मग रेषेपर्यंत गेले. आमच्या कॅप्टनने पाठमोरा असताना टाकलेला चेंडू त्यांच्याच अंगावर आला आणि त्यांनी तो नकळत झेलून बरोबर पुढच्या पोराला दिला. मग चपापून मागे सरले. थोड्या वेळाने खिशातून टेप काढून ते रिंगच्या खांबाकडे गेले.

तक्ता भरायला आम्ही ऑफिसात बसलो. कारकुनाचं अक्षर वाईट, म्हणून लिहायला मला सांगितलं. मी रकाने मोठ्याने वाचत गेलो. चौथा रकाना: ‘क्रीडांगण आहे काय?’ पाचवा: ‘क्रीडांगणापर्यंत पक्का रस्ता आहे काय?’

दारात सर उभे होते.

“पाचव्याचं उत्तर काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणालो. “सरकारी नोंद आहे.”

“क्रीडांगणापासून किती अंतरावर?”

“शून्य. दगड लावलेला आहे.”

अध्यक्षांनी विभागप्रमुखांकडे बघितलं. “आणि चौथ्याचं?”

“रिंग बरोबर दहा फुटांवर आहे,” विभागप्रमुख म्हणाले. “लांबी-रुंदी बरोबर आहे. जमिनीबद्दल तक्त्यात काही विचारलेलं नाही.”

“मग दोन्हीकडे ‘आहे’ लिहा,” अध्यक्ष म्हणाले. “तक्त्यात विचारलेलं नाही ते लिहायची मला सवय नाही.” त्यांनी सही केली आणि चहा मागितला.

पण ती फक्त शिफारस होती. मान्यतेचं पत्र यायला महिने लागणार होते, आणि सोमवार दोन दिवसांवर होता. रविवारी सर माझ्या खोलीवर आले. उभ्या उभ्याच म्हणाले, “सर, एसटीचं सोडून देऊन राह्यलो.”

मी म्हणालो, “आणि मान्यता नाही आली तर?”

“मंग काय सर, कोणी आजपर्यंत बराबर लिहिलं का माझ्याबद्दल? त्या मास्तरनं लिहिलं ते खोटं होतं. त्याला बिचाऱ्याला माहीत न्हवतं. ह्या लोकांनी सगळं ऐकून, बघून लिहिलंय. तेवढ्यावर बसतो मी.” त्यांनी खिशातला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. “हे फाडायला मला जमून न्हाई राह्यलं. तुम्ही फाडा.”

मी फाडला. खुर्चीत बसून इतकं धाडसी काम मी पुन्हा केलेलं नाही, आणि धाडस माझं नव्हतं.

एप्रिल आला. दर वर्षीप्रमाणे सरांना निरोप दिला गेला. जून आला, कॉलेज उघडलं, पण त्या वर्षी नवा आदेश निघाला नाही, कारण पद मान्यतेसाठी पाठवलेलं होतं आणि पाठवलेल्या पदावर तात्पुरती नेमणूक करता येत नाही. सर आदेशाशिवाय रोज येत राहिले. बूट खडूने रंगवत राहिले. प्राचार्य त्यांना बघून न बघितल्यासारखं करत. पोरांना यातलं काही माहीत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी पत्र आलं. मी ते घेऊन मैदानावर गेलो तेव्हा सराव चालू होता. सरांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि कॅप्टनच्या हातात दिलं. पोरांनी ते मिळून वाचलं, आणि पाच-सहा जणांनी सरांना धरलं. कंबरेला, दंडाला, पायाला, जिथे हात लागेल तिथे. सगळे मिळून उतारावरून घसरले आणि दगडापाशी ढीग होऊन पडले. ढिगाच्या तळाशी सर होते.

“उठा सर, झालं,” कोणीतरी म्हणालं.

“थांबा जरा,” खालून आवाज आला.

पंधरा ऑगस्टचं भाषण त्या वर्षी आधीच होऊन गेलं होतं, म्हणून प्राचार्यांनी खास सभा घेतली आणि ‘राष्ट्राची उभारणी’ पुन्हा एकदा म्हणाले. मी त्यांना नवीन वाक्य लिहून देऊ शकलो असतो, पण त्यांना तेच पाठ होतं. त्यानंतर सर आमच्याकडेच कायम राहिले.

मैदान मात्र बांधकाम खात्याच्या नोंदवहीतून कधी निघालं नाही. एका कामासाठी गेलो असताना मी ते पान स्वतः बघितलं. लांबी पंच्याऐंशी फूट, रुंदी शेहेचाळीस फूट, पृष्ठभाग मुरूम, स्थिती बरी. वाहतुकीच्या रकान्यात ‘हलकी’ असं लिहिलेलं होतं.